हेमकांतेचा चौथा अंक

देऊळघाटचे अर्जुनराव मास्तर आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलले, आणि ते इतकं नीटनेटकं बोलले की पुढे एकोणतीस वर्षं त्यांना खरं बोलायची सोयच उरली नाही. एरवी हा माणूस खोटं बोलण्यातला नव्हता. खोटं बोलायला थोडी कल्पनाशक्ती लागते, आणि मास्तरांकडे ती असेल असा संशय गावात कुणालाच कधी आला नाही. ते शाळेत दुसरीला शिकवायचे, पाढे म्हणून घ्यायचे आणि लोकांचे तहसिलीतले अर्ज लिहून द्यायचे. प्रत्येक अर्ज 'कृपावंत साहेबांचे सेवेशी' इथून निघायचा आणि 'कळावे, ही विनंती' इथं पोचायचा. मधे विहीर खचलेली असो की म्हैस चोरीला गेलेली असो, मास्तरांच्या भाषेला कधी घाम फुटायचा नाही.

दरवर्षी हनुमान जयंतीला मात्र गावात 'संगीत हेमकांता' व्हायचं. नाटक प्रेमाचं होतं. हेमकांता सरदाराची लेक, चंद्रकेतू गरीब शिलेदार, दोघांचा एकमेकांवर जीव आणि मधे बाप. बाप चंद्रकेतूला लढाईवर धाडतो, तो मेल्याची आवई उठवतो आणि लेकीचं लग्न दुसरीकडे ठरवतो. चंद्रकेतूचं काम पंजाबराव पाटलांचं. पहिल्या प्रयोगाला ते पंचविशीचे होते. आता चौपन्नाचे झाले होते. चंद्रकेतू मात्र विशीतच राहिला होता, आणि दोघांमधलं सगळं अंतर पाटलांच्या पोटावर येऊन साचलं होतं. हेमकांता म्हणजे कडूबा. कडूबाची शेती दहा एकर, आवाज गोड आणि मिशा झुपकेदार. नाटकाच्या आदल्या दिवशी मिशा उतरायच्या, आणि पुढे आठवडाभर त्यांची स्वतःची बैलजोडी त्यांच्याकडे संशयानं पाहायची.

मास्तर विंगेत पुस्तक घेऊन बसायचे. सगळ्यांची सगळी वाक्यं त्यांच्या तोंडून आधी निघायची, मग पाटलांच्या नाहीतर कडूबाच्या तोंडून मोठ्यानं. पडदा पडला की हार पाटलांना, शेला कडूबाला, आणि गॅसबत्त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या करायचं काम मास्तरांना.

या नाटकाचा जीव चौथ्या अंकात होता. चंद्रकेतू लढाईवरून परत येतो, पण सरळ येत नाही. हेमकांतेचं मन तपासायला तो गोसाव्याच्या वेषात दारी उभा राहतो आणि भिक्षा मागतो. ती सूप घेऊन येते, त्याच्याकडे पाहते आणि म्हणते, "नाथ, आठ मास वाट पाहिली, तेव्हा मी शिणले नाही. आज आपण आपल्याच दारी परक्यासारखी भिक्षा मागितलीत, आणि या एका क्षणात मी शिणले. भिक्षा घ्या, पण पुन्हा माझी परीक्षा पाहू नका." इथं बायकांच्या बाजूनं हुंदके सुरू व्हायचे. मग जे व्हायचं ते देऊळघाटशिवाय कुठं होत नसावं. बायका उठायच्या, पदराच्या गाठी सोडायच्या, आणि रांगेनं येऊन गोसाव्याच्या झोळीत खरीखुरी ज्वारी टाकायच्या. पाटलांची झोळी भरली की पोतं आणावं लागायचं. दुसऱ्या दिवशी त्या ज्वारीच्या भाकरींची पंगत. हेमकांतेच्या दारची भिक्षा घातली की घरातलं गेलेलं माणूस परत येतं, असं बायकांनी केव्हातरी आपापसात ठरवून टाकलं होतं.

एकच बाई कधी उठायची नाही. मास्तरांची बायको, रुखमाबाई. ती दरवर्षी यायची, तिसऱ्या रांगेत बसायची, डोळे पुसायची नाही आणि गाठ सोडायची नाही. बायका तिला कंजूस म्हणायच्या. मास्तरांनाही त्याची लाज वाटायची, पण विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि ती सांगते ते बहुधा खरं असतं एवढा अनुभव त्यांना होता.

आता ते खोटं. सन चौतीस साली गावानं नाटक बसवायला घेतलं तेव्हा पुस्तक आलं खामगावहून, एका बुडालेल्या नाटक मंडळीच्या सामानातून. पुण्याच्या कुणा मोठ्या नाटककाराचं छापील पुस्तक. तालीम तिसऱ्या अंकापर्यंत धडाक्यात झाली, आणि मग मास्तरांनी पान उलटलं तर पुढे पुठ्ठा. चौथा अंक नव्हता. नाटकाला पंधरा दिवस राहिलेले, पडदा रंगून तयार, पाटलांनी तलवारीला कल्हई केलेली. गावानं ठरवलं की मास्तरांना अकोल्याला धाडायचं. तरुण पोरगा होता, नुकता ट्रेनिंग करून आलेला. पुस्तकाची दुकानं त्याला नाही कळणार तर कुणाला?

मास्तर मोटारीनं मलकापूरला आणि तिथून रेल्वेनं अकोल्याला गेले. दोन दिवस दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं सांगितलं, "नाटकं आता कोण घेतो? बोलपट आले." हात हलवत परत जायची हिंमत होईना. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत ते बसले, वही काढली आणि चौथा अंक स्वतः लिहून टाकला. एका बैठकीत. गोसावी, सूप, आठ मास, सगळं. वाक्यं अशी येत होती की जणू कुणीतरी आधीच म्हणून ठेवली आहेत आणि आपण फक्त उतरवतो आहोत. मास्तरांना यात सरस्वतीचा हात दिसला. सरस्वतीला त्या दिवशी अकोल्याच्या धर्मशाळेत दुसरं काही काम नसावं.

गावात येऊन त्यांनी वही पुढे ठेवली आणि ते म्हणाले, "दुकानदार पुस्तक इकायले तयार नव्हता. मी बसून उतरवून आनलं." झालं. खोटं संपलं.

पहिल्या वर्षी टाळ्या पडल्या तेव्हा मास्तरांना सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या वर्षी टाळ्या पडल्या तेव्हा त्यांना वाटलं, या माझ्या आहेत. दहाव्या वर्षापासून त्यांच्या पोटात दुखायला लागलं. सुलतानपूर, रोहिणखेडपासून माणसं बैलगाड्या जुंपून चौथा अंक पाहायला यायची, रडायची, आणि जाताना म्हणायची, "काय लिवलं बापा त्या पुन्याच्या मानसानं!" पुण्याच्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आपल्या घरी सुखानं जेवत असेल आणि इकडे त्याची कीर्ती बुलढाणा जिल्ह्यात मास्तरांच्या घामावर वाढत होती. मास्तरांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. बढती नको होती, बदली नको होती. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं की हे अर्जुनराव मास्तरांनी लिहिलं. आणि ते स्वतःला कबूल करावं न लागता आपोआप व्हावं, एवढी छोटीशी सोय तेवढी देवानं करावी.

या एकोणतीस वर्षांत देऊळघाट आधी मध्य प्रांतात होतं, मग मध्य प्रदेशात गेलं, मग मुंबई राज्यात, आणि शेवटी महाराष्ट्रात आलं; हे सगळं जागेवरून एक पाऊल न हलता. सरकारं बदलली, नाणी बदलली, मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. हेमकांतेचा चौथा अंक तसाच राहिला. त्यातली एक चूकही तशीच राहिली. छापील दुसऱ्या अंकात चंद्रकेतू तीन वर्षांसाठी जातो, आणि चौथ्यात हेमकांता आठ महिने वाट पाहिल्याचं सांगते. ती मास्तरांना पहिल्याच वर्षी दिसली होती. आपण आठच का लिहिलं हे मात्र त्यांना कधी सांगता आलं नसतं. तीन वर्षं करून पाहिली, तर वाक्य मेल्यासारखं वाटलं. त्यांनी आठ ठेवले.

आणि मग त्रेसष्ट सालच्या फाल्गुनात चिखलीचे वामनराव आपली टुरिंग टॉकीज घेऊन आले. मुंबईत सिनेमाचं वय झालं की तो नागपुरात यायचा, नागपुरात म्हातारा झाला की अकोल्यात, आणि अगदी घरघर लागली की वामनरावांच्या तंबूत. त्यांची बैलगाडी गावातून फिरली आणि भोंग्यातून आवाज आला, "संगीत हेमकांता! तेच नाटक, आता पडद्यावर! बोलणारं, गाणारं, वीस वर्षांपूर्वी मुंबईत गाजलेलं!"

मास्तर तेव्हा शाळेत होते. त्यांनी पोरांना एकोणिसाचा पाढा दोनदा म्हणायला लावला आणि दोन्ही वेळा चुकीचा चालू दिला. खोटं आता फुटणार. सिनेमात खरा चौथा अंक असणार, त्यात गोसावी नसणार, आणि गाव विचारणार, मास्तर, हा गोसावी कुठून आणला? मग त्यांच्या ध्यानात आलं की हेच तर आपल्याला एकोणतीस वर्षं हवं होतं. आपण काही बोलायचं नाही, गाव विचारेल तेव्हा मान खाली घालून हळूच म्हणायचं, "हो जी, तो माह्याच डोक्यातला." संध्याकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. तंबूत जायचं तर आरशात पाहायचं कारण नव्हतं, पण पाहिलं.

"तू येत नाई काय?" त्यांनी रुखमाबाईला विचारलं.

"मले शेवट ठाऊक हाय," ती म्हणाली आणि कांदे निवडत बसली.

तंबूच्या दारात पहिला घोटाळा झाला. झाडून साऱ्या बायका पदराला ज्वारीची गाठ मारून आल्या होत्या. चौथा अंक म्हटल्यावर भिक्षा आलीच. ती पाटलांच्या झोळीत काय आणि पडद्यावरच्या झोळीत काय. वामनरावांच्या दारवानाला वाटलं, तिकिटाऐवजी धान्य आणलं. तो म्हणाला, "बाई, ज्वारी चालत नाही, नगद लागते." केसरबाई नावाची एक खमकी बाई होती, ती त्याला म्हणाली, "तुह्यासाठी नाई आनली मुडद्या, गोसाव्यासाठी आनली."

सिनेमा सुरू झाला. पाटीवर मूळ नाटककाराचं नाव झळकलं आणि गावानं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वाजवल्या नाहीत. हेमकांतेचं काम खऱ्या बाईनं केलं होतं आणि ती दिसायला देखणी होती, पण गावाचं मत पडलं की कडूबाची चाल हिला नाही. चंद्रकेतू अगदीच काटकुळा निघाला. तीन अंक ओळखीचे गेले, लोक वाक्यं पुढे पुढे म्हणत राहिले. चंद्रकेतू लढाई जिंकून निघाला आणि मधल्या कापडी कनातीपलीकडे बायका गाठी सोडून उभ्या राहिल्या. पण पडद्यावर आला हत्ती. हत्तीवर चंद्रकेतू, मागे तोफा, बाप पायावर, गाणं, आणि 'समाप्त'.

दिवे लागले. बायका मुठीत ज्वारी घेऊन तशाच उभ्या होत्या.

"गोसावी कुठी हाय?" केसरबाईनं कनातीवरून विचारलं.

वामनरावांनी चाळीस गावांत तंबू ठोकला होता, पण हा प्रश्न त्यांना नवा होता. पाटील उठले. "वामनराव, एक रीळ दाबलं तुमी. लोकायनं पुऱ्या खेळाचे पैसे देल्ले." वामनरावांनी पेट्या उघडून दाखवल्या, देवाची शपथ घेतली. मास्तर पुढच्या रांगेत होते. आता कुणीतरी आपल्याकडे वळेल म्हणून ते मान अर्धी खाली घालून तयार बसले. त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

वामनराव मात्र धंद्यातले. ज्या गावाला गोसावी हवा आहे त्या गावाकडून दोनदा तिकीट काढून घेता येईल हे त्यांना लगेच उमगलं. म्हणाले, "याच नाटकावर याच्या आधी एक बोलपट निघालता. अठ्ठावीस वर्षं जुना. गोसावी असला तर त्यात असेल. आठ दिवसांत आणतो." त्यांनी आणला. हा सिनेमा इतका जुना होता की पडद्यावर सारखा पाऊस पडत होता आणि राजवाड्यातसुद्धा थांबत नव्हता. बायका पुन्हा ज्वारी घेऊन आल्या. या खेपेला हत्तीही आला नाही. हेमकांतेनं चंद्रकेतू मेल्याची आवई ऐकली, अंगठीतला हिरा गिळला आणि प्राण सोडला. चंद्रकेतू येऊन तिच्या अंगावर पडला आणि तोही मेला. कडूबा मोठ्यानं रडायला लागले. "मी एकोनतीस वर्सं जित्ती ठेवली रे हिले," ते म्हणत होते, "अन् ह्यायनं एका घडीत मारली."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी पाटलांच्या ओट्यावर गाव जमलं. दोन सिनेमे, दोन शेवट, आणि एकातही गोसावी नाही. सारासार विचार करणाऱ्या माणसाला यातून एकच गोष्ट दिसली असती. देऊळघाटला दुसरीच दिसली.

"एक म्हनते हत्ती आला, एक म्हनते पोरगी मेली," पाटील म्हणाले. "म्हंजे दोघंबी खोटे. खरं असतं तं दोघायचं एक आलं असतं. आपलं पाहा, एकोनतीस वर्सांत एक अक्षर हाललं नाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. वामनराव कोपऱ्यात चहा पीत होते, त्यांनीही हलवली. त्यांचा तंबू अजून गावात होता.

"मुंबईच्या कंपनीले अर्ज करू," पाटील म्हणाले. "लिवा मास्तर. मूळ नाटककारावर अन्याय झाला. त्यायचा गोसावी कंपनीनं खाल्ला. तो परत टाका म्हना."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. मूळ नाटककारावर अन्याय! ते उभे राहिले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ते विंगेच्या बाहेर काही बोलले.

"पाटील, गोसावी मूळ नाटकात नाईच. मले चौथा अंक भेटलाच नव्हता. अकोल्याच्या धर्मशाळेत बसून मी लिवला. गोसावी माह्या डोक्यातला हाय."

ओट्यावर कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

"मास्तर, शिनमा पाहून तुमाले ऊन लागलं," पाटील मायेनं म्हणाले. "बसा. पानी प्या."

"वही पाहा! अक्षर माह्यं हाय!"

"हाय ना. तुमीच तं सांगतलं व्हतं, बसून उतरवून आनलं म्हनून. तवा खोटं बोलले का आता बोलून राह्यले?"

मास्तरांनी शेवटचा पुरावा काढला. "दुसऱ्या अंकात तीन वर्सं हायेत. चौथ्यात आठ महिने. मूळ लेखकाची असती तं अशी चूक झाली असती काय? ती माही चूक हाय!" स्वतःची चूक इतक्या अभिमानानं मांडणारा माणूस ओट्यानं याआधी पाहिला नव्हता.

"मंग आठ काऊन लिवले?" पाटलांनी विचारलं.

ते मास्तरांना ठाऊक नव्हतं.

"पाह्यलं? लिवनाऱ्याले ठाऊक असते," पाटील म्हणाले. कडूबांना मात्र मास्तरांची दया आली. ते जवळ आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, राग नोका मानू. त्या वाक्यावर मी दरसाल खरंखुरं रडतो. माह्या म्हशीच्या चोरीचा अर्ज तुमीच लिवला व्हता. म्हैस माही, चोरी माही, तरी तो वाचून मले रडू नाई आलं. तुमचं लिवनं असतं तं त्या वाक्यावर तरी कसं आलं असतं?"

गावाला हे पटलं. खरं सांगायचं तर मास्तरांनाही क्षणभर पटलं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

ते घरी आले. चुलीपुढे रुखमाबाई भाकरी थापत होती. मास्तर दारातच उभे राहिले आणि सगळं भडाभडा ओकले. अकोला, धर्मशाळा, वही, ओटा, म्हशीचा अर्ज. एवढ्या वर्षांत तिलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं. "माह्या घामाचं," ते म्हणाले, "माह्या घामाचं दुसऱ्याच्या नावावर एकोनतीस वर्सं खपून राह्यलं, अन् मी मुक्यानं पाहून राह्यलो. कसं वाटत असन मले, तुले कळते काय?"

"कळते," रुखमाबाई म्हणाली. तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "पन तुमी लिवलं नाई ते. उतरवूनच आनलं."

"तूबी त्यायच्यातलीच झाली?"

"आठ महिने तुमी अमरावतीले ट्रेनिंगले व्हते," ती तव्याकडे पाहत म्हणाली. "लगन होऊन म्हयना झाला व्हता मले. एक चिठ्ठी नाई का निरोप नाई. मंग एक दिस तिनसांजा कोन्तरी डोक्यावरून घोंगडी घेऊन दारात आलं. भिकाऱ्याचा आवाज काढून म्हने, माय, भाकर वाढ. पाह्याचं व्हतं तुमाले, मी वळखते का नाई. मी पायावरून वळखलं. अन् म्हनलं, आठ महिने वाट पाह्यली तवा थकली नाई. आता थकली. घरच्या मानसानं आपल्याच दारात भीक मांगाव काय? घ्या भाकर, पन असं पारखू नोका मले पुन्हा."

घोंगडी मास्तरांना आठवली. ती काळी होती आणि तिला बोकडाचा वास येत होता. आपण किती हसलो होतो ते आठवलं. ही हसली नव्हती, तेही आता आठवलं. धर्मशाळेतली सरस्वती त्यांच्यापुढे पाटावर बसून भाकरी थापत होती, तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं आणि ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. त्यांना इतकी लाज वाटली की बसायचंही सुचेना.

"पह्यल्या वर्सी कडूबाभाऊ लुगडं नेसून माह्यं बोलनं बोलले," ती पुढे म्हणाली. "साऱ्या बाया रडल्या. मले वाटलं, घरी येऊन तुमी काईतरी म्हनसान. तुमी गॅसबत्त्या वापस कराले गेले."

"तू बोलली काऊन नाई? एकोनतीस वर्सं?"

"कोनाले सांगू? तुमाले आज मानलं काय गावानं? तुमी तं मास्तर. मले कोनं मानलं असतं?"

भाकर फुगली. तिनं ती निखाऱ्यावर उभी केली. मास्तर उंबरठा ओलांडून आत आले आणि चुलीजवळ जमिनीवर बसले. पिशवीतून त्यांनी अर्जाचा कागद काढला. ओट्यावरून निघताना पाटलांनी तो सक्तीनं हातात कोंबला होता. 'मूळ नाटककारावर झालेला अन्याय' एवढं त्यावर लिहून झालं होतं. मास्तरांनी 'मूळ नाटककारावर' हे शब्द खोडले. वर काय लिहावं याचा ते बराच वेळ विचार करत राहिले. तिचं नाव लिहिलं तर पाटील उद्या साऱ्या गावाला सांगतील की मास्तरांचं ऊन अजून उतरलं नाही. न लिहिलं तर तो पुण्याचा माणूस आहेच. शेवटी त्यांनी लिहिलं, 'सौ. रुखमाबाई अर्जुनराव, राहणार देऊळघाट, यांच्यावर', आणि आयुष्यात पहिल्यांदा 'कळावे, ही विनंती' न लिहिता कागदाची घडी घातली.

"काय लिवलं?" तिला वाचता येत नव्हतं.

"तुह्यं नाव."

"कंपनीनं बोलावलं तं मी मुंबईले जानार नाई," ती म्हणाली, आणि चेहरा चुलीकडे वळवला. ती हसली की नाही ते मास्तरांना दिसलं नाही. त्यांना पाहायचं होतं, पण मागायचा हक्क आपण कधीच घालवला आहे हे त्यांना आता कळलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी चाचरत विचारलं, "एक सांग. साऱ्या गावच्या बाया झोळीत ज्वारी टाकतात. तू कधी काऊन टाकली नाई?"

रुखमाबाईनं निखाऱ्यावरची भाकर उचलली, राख झटकली आणि त्यांच्या पुढ्यातल्या ताटात टाकली.

"टाकली व्हती ना, एक डाव," ती म्हणाली. "तुमी खाल्ली."